साक्षीदार हवेत, प्रेक्षक कशाला?

‘पळून जाऊन लग्न केले’ असे कोणी म्हटले की आपल्याकडे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक ठराविक चित्र उभे राहते. पहाटेची एसटी, हातात एखादी पिशवी, मागे गावात उठलेली बोंब, आईचे रडणे, बापाची खाली गेलेली मान आणि चार दिवसांनी पोलीस ठाण्याच्या आवारात जमलेले दोन्हीकडचे नातेवाईक. या शब्दांत भीती आहे, बदनामी आहे, क्वचित साहसही आहे. पण निवांत आनंद त्यात कोठेच नाही. इंग्रजीतल्या ‘इलोपमेंट’ या शब्दालाही कित्येक वर्षे असाच वास होता. परंतु अलीकडे अमेरिकेत या शब्दाने कूस बदलली आहे. तिथे आता इलोपमेंटची तारीख सहा-आठ महिने आधी ठरते. परवानगीचे अर्ज रीतसर भरले जातात, छायाचित्रकार नेमला जातो, कधीकधी तर आईवडिलांनाही बोलावणे जाते! आणि या समारंभासाठी पुष्कळ जोडपी जागा निवडतात ती वाळवंटातली. कॅलिफोर्नियातले जॉशुआ ट्री किंवा डेथ व्हॅली, युटातल्या मोआबजवळचे तांबडे खडक, न्यू मेक्सिकोतली पांढरी वाळू.

पळून जाण्याचे नियोजन! वाचकांना हसू येणे साहजिक आहे. ज्याला सहा महिने आधी अर्ज करावा लागतो ते पळणे कसले, आणि ज्याच्या मागे कोणी लागलेलेच नाही तो पळतो कशासाठी? तरीही हा प्रकार मला थट्टेवारी नेण्यासारखा वाटत नाही. लग्न म्हणजे नेमके काय आणि त्यासाठी किती माणसे लागतात, हा एक जुना प्रश्न या नव्या टुमीने पुन्हा समोर आणून ठेवला आहे. त्याचे माझ्यापुरते उत्तर शीर्षकातच दिले आहे. ते पटवून देण्यासाठी मात्र थोडे मागे जावे लागेल.

पळून जाण्याचा आणि सरहद्दीचा संबंध फार जुना आहे. इंग्लंडच्या पार्लमेंटने १७५३ मध्ये विवाहाचा कायदा केला आणि एकवीस वर्षांखालील मुलामुलींना आईबापांच्या संमतीवाचून लग्न करणे दुरापास्त झाले. स्कॉटलंडला हा कायदा लागू नव्हता. तिथे दोन साक्षीदारांसमोर ‘आम्ही नवराबायको आहोत’ एवढे सांगितले तरी लग्न लागे. साहजिकच सरहद्द ओलांडल्याबरोबर लागणारे ग्रेटना ग्रीन हे खेडे एकदम प्रसिद्धीस आले. तिथल्या लोहाराच्या ऐरणीसमोर कितीतरी लग्ने लागली. पुढे १८५६ मध्ये, दोघांपैकी एकाने तरी आधी २१ दिवस स्कॉटलंडात राहिले पाहिजे असा कायदा झाला, तेव्हा कुठे या घाईला आळा बसला.

अमेरिकेत ग्रेटना ग्रीनची जागा वाळवंटाने घेतली. १९२७ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने असा नियम केला की लग्नाचा अर्ज दिल्यानंतर परवान्यासाठी तीन दिवस थांबावे. नशेच्या भरात, रात्री भेटून सकाळी कोणी लग्न लावू नये, हा त्यामागचा हेतू. या कायद्याला लोकांनी दारूवरूनच नाव ठेवले होते. हेतू वाईट नव्हता. पण तीन दिवस थांबायचे म्हणजे तीन दिवस बातमी फुटण्याची भीती. आई-बाप, पहिली बायको किंवा वार्ताहर, कोणाच्या तरी कानी ती जाणारच. शेजारच्या ॲरिझोनात आणि नेवाडात अशी अट नव्हती. मग लॉस एंजेलिसची जोडपी रातोरात मोटारी हाकीत वाळवंट ओलांडू लागली. कोलोरॅडो नदीकाठचे यूमा हे ॲरिझोनातले गाव अशा लग्नांसाठी नावाजले. नेवाडाने तर १९३१ मध्ये जुगार कायदेशीर केला आणि घटस्फोटासाठी लागणारी वास्तव्याची मुदत सहा आठवड्यांवर आणली. जुने लग्न मोडायचे आणि नवे लावायचे, दोन्ही सोयी एकाच राज्यात झाल्या. २९ मार्च १९३९ रोजी क्लार्क गेबल आणि कॅरोल लोम्बार्ड ही त्या काळची बडी नटनट्यांची जोडी अशीच गुपचूप ॲरिझोनातल्या किंगमन या गावी गेली आणि लग्न लावून परतली. मात्र त्यांच्या सोबत स्टुडिओच्या प्रसिद्धी खात्याचा माणूस होता आणि दुसऱ्याच दिवशी घरी वार्ताहरांची गर्दी जमली होती. ही गोष्ट लक्षात ठेवावी; पुढे तिचा उपयोग होणार आहे.

म्हणजे त्या काळी वाळवंट सुंदर आहे म्हणून तिथे कोणी लग्नाला जात नव्हते. ते वाटेत होते, एवढेच. वाळवंट म्हणजे ओसाड, टाकाऊ जमीन, हीच सर्वसाधारण समजूत होती. निवडुंग उपटून घरच्या बागेत नेऊन लावावे आणि रात्री मौजेखातर जॉशुआची झाडे पेटवावीत, असे प्रकार सर्रास चालत. मिनर्व्हा हॉइट नावाच्या एका बाईंनी याविरुद्ध कंबर कसली. १९२०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क, बोस्टन आणि लंडन येथे वाळवंटी वनस्पतींची प्रदर्शने भरवून त्यांनी लोकांना वाळवंट पाहायला शिकवले. त्यांच्या खटपटीमुळे १९३६ मध्ये जॉशुआ ट्रीच्या प्रदेशाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला; १९९४ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले. सौंदर्य होतेच, त्याची दखल घेणारी नजर मागून आली.

या इतिहासाची एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. सरहद्द ओलांडली की सगळ्यांचीच सुटका होत असे असे नाही. ज्या ॲरिझोनाने गेबल-लोम्बार्ड यांचे लग्न तासाभरात लावून दिले, त्याच ॲरिझोनात गोऱ्या माणसाने निग्रो, चिनी-जपानी, मलायी किंवा ‘हिंदू’ माणसाशी केलेले लग्न कायद्याने रद्दबातल होते. ‘हिंदू’ म्हणजे कोणताही भारतीय, मग तो शीख असो की मुसलमान. तो कायदा १९६२ पर्यंत टिकला. कॅलिफोर्नियातही असा कायदा होता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो १९४८ मध्ये रद्द ठरवला. या कॅलिफोर्नियाच्याच दक्षिण टोकाला, कोलोरॅडो नदीच्या पाण्यावर वाळवंट भिजवून तयार झालेल्या इम्पीरिअल व्हॅलीत पंजाबी शेतकरी येऊन राहिले होते. १९१७ च्या कायद्याने भारतातून नवी माणसे येणे बंद झाले. मायदेशातून बायका आणता येईनात, म्हणून त्यांच्यापैकी शेकडो जणांनी मेक्सिकन मुलींशी संसार थाटले. परवाना मिळणे न मिळणे पुष्कळदा टेबलामागच्या कारकुनाच्या डोळ्यांवर अवलंबून असे. दोघांचा रंग त्याला सारखाच दिसला तर शिक्का बसे. नाही तर दुसरे कचेरीचे गाव शोधावे लागे. वाळवंटातल्या छोट्या लग्नाशी भारतीय माणसाचे नाते असे शंभर वर्षांचे आहे आणि त्यात छायाचित्रांचा भाग नाही.

व्हर्जिनियातले रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग यांचे उदाहरण तर जगजाहीर आहे. तो गोरा, ती काळी. १९५८ च्या जूनमध्ये ते वॉशिंग्टनला जाऊन लग्न करून आले आणि पुढच्याच महिन्यात रात्री पोलिसांनी त्यांना अंथरुणातून उठवून पकडले. पंचवीस वर्षे राज्याबाहेर राहण्याच्या अटीवर त्यांची तुरुंगवासाची शिक्षा स्थगित झाली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असले सगळे कायदे मोडीत काढले ते १२ जून १९६७ रोजी. आजचे जे जोडपे हौसेने पळून जाते, त्याच्या मागे नाइलाजाने पळालेल्यांची अशी लांब रांग उभी आहे.

आता आजच्या छोट्या लग्नाकडे वळू. आजच्या जोडप्यामागे कोणी लागलेले नाही हे खरे. पण काही गोष्टी त्यालाही चुकवायच्या असतात. दोनशे माणसांच्या जेवणावळीचा खर्च, कोणाला बोलावले आणि कोणाला नाही याचे रुसवेफुगवे, घटस्फोटित आईवडिलांना एका रांगेत बसवण्याची पंचाईत, दुसऱ्यांदा लग्न करताना वाटणारा संकोच. शिवाय २०२० च्या साथीने मोठ्या समारंभांवर सक्तीने बंदी आणली आणि लग्न दहा माणसांतही लागते, हे पुष्कळांना प्रथमच कळले. ज्यांना कळले त्यातल्या काहींना ते आवडलेही.

असे लग्न ठरवायचे म्हणजे काय काय करावे लागते, ते पाहण्याजोगे आहे. पहिली गोष्ट कागदाची. अमेरिकेत लग्नाचा परवाना राज्यागणिक वेगळा. कॅलिफोर्नियात आता थांबण्याची अट नाही. परवाना ९० दिवस चालतो आणि साध्या परवान्याला एक साक्षीदार पुरतो. ॲरिझोनात दोन साक्षीदार लागतात. नेवाडातल्या लास व्हेगासची परवाना कचेरी आठवड्याचे सातही दिवस मध्यरात्रीपर्यंत उघडी असते. पण तिथला परवाना घेऊन डेथ व्हॅलीत लग्न लावले तर ते बहुधा कायदेशीर ठरणार नाही, कारण डेथ व्हॅलीचा फार मोठा भाग कॅलिफोर्नियात आहे आणि नेवाडाच्या वाट्याला फक्त एक कोपरा आलेला आहे. जिथला परवाना तिथेच लग्न! कोलोरॅडो राज्याने तर कमाल केली आहे. तिथे ना पुरोहित लागतो, ना साक्षीदार. दोघांनी मिळून सही केली की झाले.

दुसरी गोष्ट जागेची. राष्ट्रीय उद्यानात लग्न लावायचे तर वेगळी परवानगी काढावी लागते. किती माणसे, किती मोटारी, किती वेळ, सगळे आधी लिहून द्यायचे. जॉशुआ ट्रीत लग्नासाठी जागा नेमून दिलेल्या आहेत. ड्रोन उडवायला २०१४ पासून सगळ्याच राष्ट्रीय उद्यानांत बंदी आहे. तांदूळ, पाकळ्या, रंगीत कागद असले काही उधळू देत नाहीत. म्हणजे एखाद्या मराठी जोडप्याने तिथे लग्न लावायचे म्हटले तर अक्षता नुसत्या हातात धरून ठेवाव्या लागतील. उटा आणि ॲरिझोनाच्या सीमेवरची मॉन्युमेंट व्हॅली ही तर नावाहो लोकांची भूमी. तिथली परवानगी द्यायची की नाही हे तेच ठरवतात, आणि ते योग्यच आहे. वाळवंट रिकामे असते हा बाहेरून येणाऱ्याचा समज. जॉशुआ ट्रीच्या माराच्या पाणवठ्याभोवती सेरानो आणि चेमेहुएवी लोकांची वस्ती होती, हे पाहुण्यांनी विसरता कामा नये.

तिसरी गोष्ट ऋतूची. डेथ व्हॅलीतले बॅडवॉटर समुद्रसपाटीपासून ८६ मीटर खोल आहे. १० जुलै १९१३ रोजी तिथल्या फर्नेस क्रीक येथे ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. जुलैत नेहमीच्या दुपारीही पारा ४५ च्या वर असतो. तेव्हा लग्न ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये आणि मुहूर्त सूर्योदयाचा किंवा सूर्यास्ताचा. पंचांग न पाहताही निसर्ग आपला मुहूर्त सांगतोच! माणशी दिवसाला किमान चार लिटर पाणी जवळ हवे. फोन लागेल याची खात्री नाही. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात दूर कुठेतरी पाऊस पडतो आणि इथे कोरड्या ओढ्याला अचानक लोंढा येतो. ही सगळी तयारी करताना जोडप्याला एक गोष्ट उमगत असावी, असे मला वाटते. कार्यालयातल्या लग्नात नवरा-नवरीला काहीच करावे लागत नाही. वडीलधारी मंडळी, आचारी, गुरुजी, बँडवाले सगळे करतात. इथे पाणी किती घ्यायचे, इथपासून सगळे दोघांनाच ठरवायचे असते. संसाराची पहिली बैठक म्हणून ही काही वाईट नाही.

मग आक्षेप कुठे आहे? माझा पहिला आक्षेप गर्दीबद्दल आहे. दोनशे पाहुणे टाळून जोडपे वाळवंटात जाते. पण छायाचित्रकाराच्या तालमीप्रमाणे तीनदा हात हातात घेते, पाच वेळा चुंबन घेते, आणि संध्याकाळपर्यंत ती चित्रे दोन हजार माणसांच्या फोनवर पोचलेली असतात. यात गर्दी कमी झाली कुठे? ती फक्त मांडवातून उठून फोनमध्ये जाऊन बसली. मांडवातल्या पाहुण्याला निदान जेवायला तरी मिळत होते. गेबल-लोम्बार्ड यांच्याबरोबर स्टुडिओचा प्रसिद्धी-माणूस गेला होता तो त्यांच्या धंद्याची गरज म्हणून. आज ज्याच्या त्याच्या बरोबर असा एक माणूस चालला आहे आणि तो पदरचे पैसे देऊन नेलेला आहे.

साक्षीदार आणि प्रेक्षक यांत फरक आहे. प्रेक्षक पाहतो, टाळी वाजवतो, दोष काढतो आणि निघून जातो. साक्षीदार सही करतो. दहा वर्षांनी संसारात खडखडाट सुरू झाला तर ‘त्या दिवशी तू काय बोलला होतास ते मी ऐकले आहे’ असे सांगण्याचा अधिकार साक्षीदाराचा. अशी माणसे आयुष्यात दोन-चारच असतात. आपल्या मांडवातल्या पाचशे माणसांपैकी अशी किती असतात, हे ज्याचे त्याने मोजून पाहावे. म्हणून छोटे लग्न मला पसंत आहे. त्या दोन-चारांनाही वगळून, फक्त कॅमेऱ्यासमोर केलेले लग्न मला तितकेसे पसंत नाही. ‘लग्न दोन जिवांचे नसते, दोन घरांचे असते’ असे आपल्याकडची वडीलधारी मंडळी म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. आजारपणात, बाळंतपणात, अडीअडचणीला धावून येतात ती घरातलीच माणसे. पण घर म्हणजे आहेराची यादी नव्हे. आईला वाळवंटात नेता येते. जॉशुआ ट्रीतल्या कॅप रॉकजवळची वाट तर इतकी सपाट आहे की चाकाची खुर्चीही तिथे जाते. मानपानाची फौज मात्र नेता येत नाही, आणि वाळवंटाचा हा मला फार मोठा गुण वाटतो.

दुसरा आक्षेप जमिनीबद्दल आहे. युटातल्या लाल मातीवर एक काळसर, खडबडीत पापुद्रा असतो. तो शेवाळ, दगडफूल आणि सूक्ष्म जीव यांनी मिळून विणलेला असतो. माती वाऱ्याने उडू न देणारा आणि पाणी धरून ठेवणारा हाच पापुद्रा. त्यावर एक पाऊल पडले की तो मोडतो आणि पुन्हा धरायला कित्येक वर्षे, काही ठिकाणी कित्येक दशके लागतात. म्हणजे एक चांगले चित्र मिळावे म्हणून वाटेपासून चार पावले आत गेलेल्या नवरीच्या पायाचा ठसा तिच्या मुलांच्या लग्नापर्यंत तिथे राहू शकतो! जॉशुआच्या झाडाची गतही नाजूकच आहे. त्याचे परागीकरण एक विशिष्ट पतंग करतो; तो पतंग नसेल तर त्याला बी धरत नाही. २०१८ च्या डिसेंबरपासून पस्तीस दिवस अमेरिकी सरकारचे कामकाज बंद पडले, तेव्हा उद्यानावर पुरेशी देखरेख उरली नाही आणि काही मंडळींनी झाडांची तोडमोड करून नव्या वाटा पाडल्या. २०२० च्या ऑगस्टमध्ये मोहावी वाळवंटातल्या वणव्यात अंदाजे तेरा लाख जॉशुआची झाडे जळाली. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाला या झाडासाठी वेगळा संरक्षण कायदा करावा लागला. जॉशुआ ट्रीच्या उद्यानात वर्षाकाठी तीस लाखांच्या घरात माणसे येतात. त्यातला प्रत्येक जण जर ‘आम्ही दोघेच तर आहोत’ म्हणत वाट सोडू लागला, तर ते वाळवंट टिकायचे कसे? जी जागा आपल्या वचनाला साक्षी म्हणून निवडली, ती आपल्यामुळे मोडू नये, एवढी तरी जबाबदारी जोडप्याने घ्यावी. परवानगीचे नियम जाचक वाटले तरी ते पाळले पाहिजेत, ते याच कारणासाठी.

इथे कोणी म्हणेल, अमेरिकेतल्या हौशी जोडप्यांची ही कथा आम्हांला कशाला? आमच्या मुलामुलींना वाळवंट परवडणार आहे का? वाळवंट परवडणार नाही, हे मान्य. पण या कथेतला कायद्याचा भाग आपल्याला अगदी जवळचा आहे. आपला विशेष विवाह कायदा १९५४ चा. दोन वेगळ्या धर्मांच्या माणसांना आपापला धर्म न सोडता लग्न करायचे असेल तर याच कायद्याखाली करावे लागते. त्यासाठी दोघांपैकी एकाचे निदान तीस दिवस त्या जिल्ह्यात वास्तव्य हवे. मग लग्नाची नोटीस द्यायची. ती नोटीस कचेरीत सर्वांना दिसेल अशी लावली जाणार. पुढचे तीस दिवस कोणीही येऊन कायद्यातल्या कारणांवरून हरकत घेऊ शकतो. शेवटी तीन साक्षीदारांसमोर वचन द्यायचे, की लग्न झाले. वचनाचा आणि साक्षीदारांचा भाग किती सुंदर आहे! कायदा म्हणतो, विधी तुम्हांला हवा तो करा. फक्त एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारतो हे तीन माणसांसमोर बोला. छोट्या लग्नाची याहून चांगली व्याख्या शोधूनही सापडणार नाही.

पण ती तीस दिवसांची नोटीस? कॅलिफोर्नियाने तीन दिवस थांबायला सांगितले तर माणसे वाळवंट ओलांडून पळाली. आपण तीस दिवस थांबायला सांगतो आणि वर फळ्यावर नावही लावतो. ज्या मुलीच्या घरी जात किंवा धर्म मोडल्याबद्दल कुऱ्हाड उचलली जाऊ शकते, तिच्या दृष्टीने ती नोटीस नव्हे; मारेकऱ्यांना दिलेला पत्ता आहे. ‘सैराट’चा शेवट पाहून २०१६ मध्ये चित्रपटगृहातून मुकाट बाहेर पडलेल्या आपल्या पिढीला हे समजावून सांगण्याची गरज नाही. मग एका धर्मातली जोडपी दुसऱ्या वाटा शोधतात. यूमाला कॅलिफोर्नियात जे स्थान होते, ते महाराष्ट्रात आळंदीला आले ते काही उगाच नाही. माऊलींच्या समाधीजवळ लग्न लागते ही भाग्याची गोष्ट. पण तिथे येणाऱ्या कित्येकांच्या डोळ्यांत भाग्यापेक्षा धास्तीच जास्त असते.

सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये स्पष्ट सांगितले की दोन सज्ञान व्यक्तींच्या लग्नाला घराण्याची, जातीची वा पंचायतीची संमती लागत नाही. अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी राज्यांनी काय करावे हेही सांगितले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये, जोडप्याची इच्छा नसेल तर नोटीस जाहीर करू नये असा निर्णय दिला. हे पाऊल योग्य दिशेचे आहे. ते एका राज्यापुरते न राहता कायद्यातच आले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. लग्नाला साक्षीदार हवेत म्हणून कायद्याने तीन माणसे मागितली, हे रास्त. सगळा गाव प्रेक्षक म्हणून बोलावण्याचे मात्र त्याला काही कारण नाही.

आणि आपल्याला छोटे लग्न अमेरिकेकडून शिकण्याचीही गरज नाही. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ पासून पुरोहितावाचून आणि थोडक्या खर्चात लग्ने लावायला सुरुवात केली. जोतीरावांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू वराकडे स्त्रियांच्या हक्कांविषयी बोलते आणि वराला त्यावर वचन द्यावे लागते. देखावा काढून टाकला की वचन उरते आणि वचनाला ऐकणारी चार माणसे लागतात, हे त्यांना दीडशे वर्षांपूर्वी ठाऊक होते. त्यासाठी त्यांना वाळवंट लागले नाही. पुण्यातले एखादे घर पुरले.

तेव्हा माझ्या वर्गबंधु-भगिनींनो, पुढे कधी तुमच्यापैकी कोणी परदेशी गेला आणि जॉशुआच्या झाडांत सूर्यास्ताला लग्न लावायचे त्याने ठरवले, तर त्याने अवश्य लावावे. परवाना त्याच राज्याचा घ्यावा, पाणी भरपूर घ्यावे, वाट सोडू नये, अक्षता खिशातच ठेवाव्यात, आणि ज्यांच्यासमोर पुढे खोटे बोलता येणार नाही अशा दोन माणसांना सोबत न्यावे. छायाचित्रे काढावीत, पण वचन देऊन झाल्यावर. आणि जे इथेच राहणार आहेत, त्यांच्यावर याहून मोठे काम आहे. उद्या एखादी मैत्रीण नोंदणी कचेरीत साक्षीला चल म्हणून हाक मारील. तेव्हा घरचे काय म्हणतील याचा विचार करीत बसू नका. ओळखपत्र बरोबर घ्या, वेळेवर पोचा आणि न डगमगता सही करा.